शिष्यवृत्तीच्या टेबलावरची नोकरी, भाचीने करावी का?

भाचीचं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) झालंय आणि तिला गरजू मुलांच्या कॉलेजच्या खर्चाची सोय लावायचंच काम करायचंय, यात पोट भरतं का, असं विचारलंयत. मी २६ वर्षं कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढली, आता रिटायर आहे. पोट भरतं, बंगला होत नाही. विनाअनुदानित कॉलेजात तर पगाराचीच वाट बघावी लागते, ते आधीच सांगून ठेवा.

दुसरं, हे देणगीदार शोधायचं काम आहे असं तिला वाटत असेल तर ते काढून टाकायला सांगा. पैसे बऱ्याचदा मंजूर झालेले असतात हो, पोरापर्यंत पोचत नाहीत ही खरी बोंब. सेकंड इयरचा एक मुलगा रोज यायचा, मॅडम सगळ्यांचे आले माझेच नाही. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, पैसे गेलेले दिसतायत, पासबुक कोरं, आणि आम्ही तीन आठवडे नुसते फोन करतोय. शेवटी त्याला शेजारी बसवून आधारला कुठली बँक जोडलीय ते बघितलं तर भलतीच! गावात सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन झिरो बॅलन्सचं खातं पण उघडून टाकलेलं, ह्याला पत्ताच नाही, आणि डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा आधारला जोडलेल्या खात्यातच जातो, तुम्ही पासबुक कुठलंही दाखवा. दोन हप्ते तिथे पडून आणि इकडे मेस थकली म्हणून पोरगं एक वेळ वडापाववर. पुढच्या वर्षीपासून मी ॲडमिशनलाच सगळ्यांचं आधार सीडिंग, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते, तपासायला लागले. साहेब म्हणाले हे आपलं काम नाही. मग कुणाचं?

बाकी बराचसा वेळ दाखल्यांत जातो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, हे पालकांना फॉर्म भरताना कळतं. राजर्षी शाहू महाराज फीच्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, एससीच्या पोस्ट मॅट्रिक (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीला अडीच लाख, यात लोक हमखास घोळ घालतात. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या मुलींना कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रोफेशनल कोर्सला ट्यूशन फी माफ झाली, तरी आधी पूर्ण भरा मग बघू म्हणणारी कॉलेजं आहेतच, तिथे जीआरची (शासन निर्णयाची) प्रिंट घेऊन भांडता यायला पाहिजे. आणि खरं मारते ती खोली आणि मेस. त्यासाठी एससीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, पण हॉस्टेल न मिळालेली पोरं त्याचा फॉर्मच भरत नाहीत कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

सरकारी हवं असेल तर समाजकल्याण निरीक्षक, गृहपाल (सरकारी हॉस्टेलचे वॉर्डन) या जागांवर लक्ष ठेवा. संस्थेत जायचं तर पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून हेच करतेय, निदान जाऊन बघून तरी ये म्हणावं. पण माझं ऐकाल तर आधी जुलै ते ऑक्टोबर कुठल्याही कॉलेजच्या खिडकीवर फुकट का होईना बसू द्या, सर्व्हर डाऊन, बाहेर शंभर पोरं आणि उद्या शेवटची तारीख, असा एक दिवस काढून ती दुसऱ्या दिवशी परत त्याच खिडकीवर गेली तर मला कळवा, ओळखीच्या दोन ठिकाणी शब्द टाकते.