लेक म्हणतेय मला बाप्तिस्मा घ्यायचाय, आता घरात काय बोलायचं?

पत्र जरा लांब होतं, थोडं कमी करून देतेय.

"ताई नमस्कार. आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो, बारा वर्षं झाली. मुलगी पंधरा वर्षांची आहे. सातवीत तिच्या सगळ्या मैत्रिणी इव्हँगेलिश, म्हणजे प्रोटेस्टंट, रिलिजनच्या तासाला बसायच्या म्हणून हीपण बसली, त्याऐवजी असतो त्या एथिकच्या (नीतिशिक्षणाच्या) तासाला गेली नाही, आम्हाला वाटलं माहिती होतेय तर होऊ दे. मग त्यांच्या कोनफी कॅम्पला, म्हणजे कोनफिरमेशनच्या तयारीच्या शिबिराला गेली, मागच्या वर्षी मैत्रिणींचं कोनफिरमेशन (श्रद्धा स्वतः कबूल करायचा चर्चमधला विधी) झालं आणि ही आता तिथे लहान मुलांची टीमर, म्हणजे मदतनीस ताई आहे. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली की मला बाप्तिस्मा घ्यायचाय. ह्यांनी ताट तसंच ठेवलं आणि उठून गेले. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत. हे मला विचारतात आपण कुठे कमी पडलो, घरी गणपती बसतो, अथर्वशीर्ष तिला पाठ आहे. सांगलीला सासूबाई आहेत, ८१ वर्षांच्या, त्यांना काय सांगू? आणि खरं सांगू का, मला रागापेक्षा भीती जास्त वाटतेय की ती आमची राहणार नाही."

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण घरातलं खरं भांडण त्याच्यावरच चाललंय, बाप्तिस्म्यावर नाही.

आधी कायद्याचं सांगते. जर्मनीत मुलांच्या धार्मिक शिक्षणाचा १९२१ सालचा कायदा आहे, अजून लागू आहे. मूल १२ वर्षांचं झालं की त्याच्या मनाविरुद्ध त्याला दुसऱ्या धर्माचं शिक्षण आईवडील देऊ शकत नाहीत, आणि १४ पूर्ण झाली की कुठला धर्म मानायचा हे मूल स्वतः ठरवतं. तुमची लेक पंधराची आहे म्हणजे सही तिची. त्यामुळे "आम्ही परवानगी देत नाही" हे वाक्य घरात वापरू नका, ते इथे चालत नाही आणि तिला ते माहीत असणार. तुमच्याकडे परवानगी नाहीये पण तिचा कान आहे, तिने जेवणाच्या टेबलावर सांगितलं ना, लपूनछपून नाही केलं. पंधरा वर्षांच्या पोरीने आईबाबांसमोर बसून हे सांगायला किती दिवस मनाची तयारी केली असेल याचा विचार करा.

आता ह्यांचा प्रश्न, "आपण कुठे कमी पडलो". बापाच्या तोंडून हा प्रश्न येणारच, मला त्यात राग नाही दिसत, दुःख दिसतं. पण हा प्रश्न तिच्यासमोर ठेवला की तिला दोनच उत्तरं देता येतात, एक म्हणजे हो तुम्ही कमी पडलात, नाहीतर नाही बाबा काही कमी नव्हतं मग मी वेडी. दोन्हीत बोलणं संपतं. तिला विचारा की तुला तिथे काय सापडलं. आणि मग मध्ये न बोलता ऐका, मध्ये बोलायची फार सवय आहे आपल्याला.

कारण काय असतं, माणूस ख्रिस्ती होतो त्याचं कारण बहुतेक वेळा पुस्तकी नसतं, अगदी एखादी गोष्ट असते, डोळ्यांनी बघितलेली. पंडिता रमाबाईंचंच घ्या. संस्कृत त्यांच्याइतकं येणारी बाई त्या काळात शोधून सापडली नसती, पुराणं मुखोद्गत, आईनेच शिकवलेलं. त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथे बाप्तिस्मा घेतला. त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलंय की लंडनमध्ये फुलहॅमला सिस्टर लोकांचं एक घर होतं, जिथे समाजाने टाकून दिलेल्या बायकांना सांभाळायचे, ते बघून त्या हलल्या. असल्या बायकांना कोणी प्रेमाने जवळ घेतं हे त्यांनी आधी कुठे पाहिलंच नव्हतं. त्यांनी विचारलं की हे का करता, तर उत्तरात येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई (शोमरोनी म्हणजे ज्यूंनी कमी लेखलेली जमात) ही गोष्ट ऐकायला मिळाली. झालं, ते कारण. आणि तरीही बघा, बाप्तिस्मा घेतला म्हणून बाईंनी मान खाली घालून सगळं मान्य नाही केलं, त्या शाकाहारीच राहिल्या, क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, मला लॅटिन येत नाही, संस्कृत का नको म्हणून तिथल्या सिस्टरशी पत्रांतून वाद घातला, त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ह्यावरून, तर केवढी भांडणं. तिकडे पुण्यात लोकांनी त्यांना किती झोडपलं तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. मी हे एवढ्यासाठी सांगतेय की धर्म बदलला म्हणून माणसाचं डोकं आणि स्वभाव कोणी काढून घेत नाही. तुमच्या लेकीचं अथर्वशीर्ष पुसलं जाणार नाहीये.

पण ताई, तिला कारण विचारायचं तर तुमचंही तयार पाहिजे. "आपण हिंदू आहोत म्हणून हिंदू आहोत" हे तिला पुरणार नाही, ती ज्या वर्गात बसते तिथे मुलं प्रत्येक गोष्टीला का विचारतात. ह्यांना विचारा, तुम्ही का? गणपतीसमोर उभं राहिल्यावर तुम्हाला आत काय होतं? बहुतेकांना हे कधी कोणी विचारलेलंच नसतं, मलाही नव्हतं, मी इकडे आल्यावर पहिल्यांदा विचार केला.

माझं सांगते. मी जर्मनीत आले तेव्हा मोठा मुलगा पोटात होता, नवरा सारखा टूरवर, भाषा येत नाही. शेजारी एक ऐंशीच्या आजी राहायच्या. बाळ झाल्यावर त्या रोज दुपारी चार वाजता सुपाचं झाकणाचं पातेलं घेऊन यायच्या, पातेल्याला टॉवेल गुंडाळलेला असायचा, दारात चप्पल काढायच्या कारण मी काढते हे त्यांनी पाहिलं होतं. एकदा मी रडत होते तर त्यांनी माझा हात धरला आणि मोठ्याने प्रार्थना म्हटली, मला शब्द कळले नाहीत पण त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपले. मग मी त्यांच्याबरोबर चर्चला जायला लागले, दोनेक वर्षं गेले. डोंगरावरचं प्रवचन मी तेव्हा वाचलं आणि अजूनही वाचते, येशूबद्दल मला मनापासून प्रेम आहे. तिथल्या पास्टरांनी बाप्तिस्म्याचा विषय काढला तेव्हा मी त्यांना विचारलं की माझी साताऱ्याची आजी, जी रोज पहाटे उठून हरिपाठ म्हणायची, जिने दारातून कोणाला उपाशी जाऊ दिलं नाही आणि जिने येशूचं नावही ऐकलं नव्हतं, ती कुठे आहे? "माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही" असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे ते मी वाचलं होतं. पास्टर चांगला माणूस, खोटं नाही बोलले, म्हणाले ते आम्ही देवावर सोपवतो. मी घरी येऊन दोन दिवस विचार केला. मला कळलं की एकच वाट आहे असं म्हणायला उभी राहिले तर माझी जीभ आजीपाशी अडकेल. म्हणून मी नाही झाले. शेजारच्या आजींना सांगितलं, त्यांनी मिठी मारली, सूप चालूच राहिलं. आता कोणी म्हणेल की हे काही फार खोल कारण नाही, असेल, पण माझं आहे, आणि कोणी मला मी हिंदू का विचारलं तर मी हेच सांगते.

ह्याच्या उलट माझी एक मैत्रीण आहे वसईची, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. वसई पोर्तुगीजांकडे १५३४ मध्ये गेली आणि १७३९ ला चिमाजीअप्पांनी घेतली, ह्यांची घरं तेव्हापासूनची तिथलीच, आजी लाल लुगडं नेसून मराठीतल्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायची. ती म्हणते मी जन्माने ख्रिस्ती आहे पण आज आहे ते जन्मामुळे नाही, भाऊ गेला तेव्हा आईने संध्याकाळची माळ एकदाही चुकवली नाही, ती माळ ओढत ओढतच आई जगली हे मी पाहिलंय. ह्या मैत्रिणीला इथल्या मराठी कार्यक्रमात लोक विचारतात तुमचं मराठी इतकं चांगलं कसं. तिला किती लागतं ते मी जवळून बघितलंय म्हणून हात जोडून सांगते, मराठी असणं आणि ख्रिस्ती असणं ह्यात भांडण लावू नका, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, येशूची गोष्ट मराठी ओव्यांमध्ये, १६१६ चं आहे, चारशे वर्षं झाली. तुम्हाला भीती वाटतेय ना ती आमची राहणार नाही, तर ह्या मैत्रिणीशी एकदा बोला, मी नंबर पाठवते.

आता लेकीशी काय बोलायचं. एक म्हणजे तिला विचारा की हे तुला मैत्रिणींमुळे हवंय का, मैत्रिणी उद्या दुसऱ्या शाळेत गेल्या तरी हवं असेल का? रागाने नका विचारू, खरंच विचारा, पंधराव्या वर्षी गटात असावंसं वाटणं हे काही पाप नाही पण ते आणि श्रद्धा ह्यातला फरक तिचा तिला कळू दे. दुसरं, थोडा वेळ घे म्हणा. बाबासाहेबांनी येवल्यात १९३५ मध्ये जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही आणि नागपूरला दीक्षा घेतली १९५६ मध्ये, मधली २१ वर्षं त्यांनी धर्म तपासले, ख्रिस्ती धर्माचाही विचार केला आणि शेवटी बुद्धाकडे गेले. तिला २१ वर्षं थांबायला सांगू नका, पण एक वर्ष मागितलं तर त्यात गैर काही नाही. फक्त ते वर्ष तिचं मन वळवायला वापरणार असाल तर मागू नका, तिला लगेच कळेल.

तिसरं, त्या चर्चच्या पास्टरबाईंना तुम्ही दोघं जाऊन भेटा, चहाला बसा. बघा त्या काय म्हणतात. जो गट म्हणेल की घरी सांगू नकोस, देवघरातल्या मूर्ती काढायला लाव, घरातला प्रसाद खाऊ नकोस, आईबाबा अंधारात आहेत, तिथे काळजी करायची आणि स्पष्ट बोलायचं. तुमच्या पत्रावरून तरी तसं काही दिसत नाहीये, ती गावातल्या नेहमीच्या चर्चमध्ये मुलांना चित्रं काढायला शिकवतेय.

पैशाचं तुम्ही पत्रात खाली लिहिलंय (वर ते मी गाळलंय) की पगारातले आठ टक्के जातात म्हणे, तसं नाही. लांडेसकिर्शेमध्ये, म्हणजे त्या राज्याच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये, बाप्तिस्मा झाला की ती सभासद होते आणि कमवायला लागल्यावर किर्शेनश्टॉयर, म्हणजे चर्चचा कर लागतो, तो तुमच्या राज्यात आणि बायर्नमध्ये (बव्हेरियात) इन्कम टॅक्सच्या ८ टक्के, बाकी जर्मनीत ९ टक्के, म्हणजे टॅक्सवर टक्के, पगारावर नाही. आत्ता ती शाळेत आहे, कमाई नाही, शून्य. पुढे बाहेर पडायचं झालं तर तुमच्याकडे श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्म-लग्नाची नोंद करतात त्या कार्यालयात जाऊन पडता येतं. हे तिलाही माहीत असू दे, निर्णय घेणाऱ्याला सगळं माहीत पाहिजे.

ह्यांचं काय करायचं? ह्यांना वेळ द्या पण अबोला नको. त्यांना बोलता येत नसेल तर लिहायला सांगा, दोन ओळी, मला पटलं नाहीये पण तू माझी आहेस. एवढंच. पटलं असं खोटं लिहायची गरज नाही. आणि गणपती येतोय तर तिला आरतीला बोलवा, जबरदस्ती नको, बोलवा, मोदक करायला ती दरवर्षी बसते तशीच बसेल, नाही बसली तरी ताटात तिचे मोदक ठेवा.

सासूबाईंचं मी सगळ्यात शेवटी ठेवलं कारण मला त्यांचीच जास्त काळजी आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला, लक्ष्मीबाईंना नंतर कळलं, पदरात लहान मुलगा दत्तू. लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात, स्मृतिचित्रांत, ते वाचताना मला दरवेळी हेच जाणवतं की धर्म गेला ह्याच्याइतकंच आपल्याला न सांगता झालं ह्याने ती बाई मोडली. काही वर्षं वेगळी राहिली, मग परत आली, आधी सोवळं सांभाळून, आणि पुढे स्वतः विचार करून करून जातपात माणसांनी केलीय ह्या निष्कर्षाला आली, मग कोणाच्याही हातचं खायला लागली आणि त्यानंतर कधीतरी स्वतःच्या कारणाने ख्रिस्ती झाली, टिळकांच्या कारणाने नाही. तर सासूबाईंना बाहेरून कळता कामा नये, व्हॉट्सॲपवर कोणीतरी फोटो टाकला आणि सांगलीत पोचला असं व्हायला नको.

तुम्ही डिसेंबरात सांगलीला जाताय ना. तोपर्यंत बाप्तिस्म्याची तारीख धरू नका असं लेकीला सांगा, आजीसाठी म्हटल्यावर ती ऐकेल. फोनवर सांगू नका. दुपारची झोप झाल्यावर, चहा झाल्यावर, आजीच्या खोलीत पलंगावर बसून तिने स्वतः सांगू दे, तिच्या मराठीत, अडखळली तर अडखळू दे. तुम्ही शेजारी बसा आणि सासूबाईंनी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही उत्तर देऊ नका, लेकीकडे बघा.