अंदमानला जाताना पायांत काय घालावे?

प्रश्न : नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही आठ दिवसांसाठी अंदमानला जाणार आहोत. स्वराज द्वीपावर (पूर्वीचे हॅवलॉक) जंगलातून चालत एलिफंट बीचला जाणे, तेथे स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासनळी धरून, पाण्यावर तरंगत खालचे जग पाहणे) करणे, शहीद द्वीपावरचा (पूर्वीचे नील) नैसर्गिक खडकपूल आणि बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहणे, असा बेत आहे. माझ्याकडे सह्याद्रीत वापरलेले, घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूट आहेत. मात्र गेली तीन वर्षे ते कपाटातच आहेत. दुकानदार वेगळे ‘वॉटर शूज’ घ्या म्हणतो, तर आमच्या यजमानांच्या मते साधी स्लिपर पुरेशी आहे. विमानात सामान १५ किलोंतच बसवायचे आहे. नेमके काय घ्यावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपल्यापुढे तीन मते आहेत आणि तिन्ही मला अर्धवट पटतात. प्रथम वॉटरप्रूफ बुटांविषयी. अशा बुटांच्या आत एक पातळ पडदा असतो, जो बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही. थंड प्रदेशात किंवा ओल्या गवतातून चालताना त्याचा उपयोग होतो. परंतु एलिफंट बीचच्या वाटेवर, जेथे पाऊस नुकताच झालेला असला तर चिखल घोट्यापर्यंत येतो, तेथे पाणी वरून, म्हणजे बुटाच्या तोंडातूनच आत शिरते; आणि एकदा शिरले की तोच पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. मग दिवसभर पाय डबक्यात ठेवल्यासारखे होतात, कातडी पांढरी पडून मऊ होते आणि मऊ कातडीवर घर्षणाने फोड यायला वेळ लागत नाही. दमट हवेत असा बूट रात्रभरात वाळतही नाही. अंदमानला नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी वारे पाऊस देतात, त्यामुळे नोव्हेंबरअखेर आपल्याकडची कोरडी थंडी तेथे अपेक्षू नये. तेव्हा पाणी अडवणारे नव्हे, तर आलेले पाणी लगेच सोडून देणारे पादत्राण शोधावे, हा माझा आग्रह आहे.

आपल्या बुटांबाबत आणखी एक शंका मनात येते. अनेक ट्रेकिंग बुटांच्या सोलमध्ये, पायाला उशी मिळावी म्हणून, पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याचे हळूहळू विघटन होते, आणि गंमत अशी की वापरात असलेल्या बुटांपेक्षा कपाटात पडून राहिलेल्या बुटांचे सोल अनेकदा आधी निकामी होतात. माझ्याच एका जोडाचा सोल, चार वर्षे माळ्यावर राहिल्यानंतर, रतनगड उतरताना भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला. उरलेली वाट मी तो सुतळीने बांधून पार केली. आपले बूट हातात घेऊन सोलच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबून पाहा. भेगा दिसल्या, भुगा पडला किंवा चिकटवलेली कड सुटू लागली असेल, तर ते येथेच ठेवा. शाबूत असले, तरी या प्रवासासाठी त्यांचे वजन नको. उत्तर अंदमानातील ७३२ मीटर उंचीच्या सॅडल पीकवर जायचे असते, तर मी वेगळा विचार केला असता.

माझा सल्ला दोन जोडांचा आहे. पहिला म्हणजे जाळीदार कापडाचा, खोल खाचांचा रबरी सोल असलेला हलका धावण्या-चालण्याचा बूट. ‘वॉटरप्रूफ’ अशी चिठ्ठी लावलेला मुद्दाम टाळावा. हा जोड एलिफंट बीचच्या जंगलवाटेसाठी, जी एका बाजूने सुमारे दोन किलोमीटर असून मुळांनी आणि चिखलाने भरलेली आहे, आणि बाराटांगसाठीही, जेथे कांदळवनातून होडीने गेल्यावर गुहेपर्यंत काही अंतर पायी चालावे लागते. त्यासोबत सुती मोजे नकोत, कारण सूत पाणी धरून ठेवते. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे पातळ मोजे तीन जोड पुरतील. ओल्या जंगलात जळवा असतात, म्हणून मोजे थोडे उंच आणि घट्ट विणीचे असावेत.

दुसरा जोड पाण्याचा. येथे स्लिपर चालत नाही. चिखलात ती पायातून निघते आणि ओल्या खडकावर पाऊल तिच्यावरून घसरते. मऊ मोज्यासारखे वॉटर शूज पोहण्यासाठी ठीक असले, तरी त्यांचा सोल एवढा पातळ असतो की सी-अर्चिन या काटेरी समुद्री जिवाचा काटा किंवा कालवाची धार सहज आरपार जाते. कोकणात अनवाणी खडपावर उतरून पाय कापून घेतलेल्यांना ही धार सांगावी लागत नाही. मी निवडीन तो बोटांसमोर रबराची भक्कम चोच असलेला, टाचेला आणि घोट्याभोवती पट्ट्याने आवळता येणारा, बाजूंनी उघडा सँडल. त्यात वाळू व प्रवाळाचा चुरा शिरतो, हे खरे. पण पाय एकदा पाण्यात हलवला की तो निघून जातो. बंद जाळीच्या बुटात मात्र वाळू आतल्या गादीखाली साचते आणि संध्याकाळपर्यंत तळवे सोलवटून काढते.

शहीद द्वीपावर खडकपूल पाहायला ओहोटीच्या वेळीच जावे, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्री स्थानिकांना विचारून ठेवा. खडकांवर हिरवे शेवाळ दिसले की तेथे पाय देऊ नये. शेवाळावर कोणताही सोल धरत नाही, दुकानदार काहीही सांगो. उथळ वाळूतून चालताना पाऊल उचलून न टाकता घसटत पुढे न्यावे, म्हणजे वाळूत दबलेली पाकट ही चपटी मासळी, जिच्या शेपटीला विषारी काटा असतो, पायाखाली येण्याआधीच सरकून जाते.

स्नॉर्केलिंग करताना बहुतेक ठिकाणी फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) तेथेच मिळतात. पूर्ण पाऊल आत जाणारे फिन्स उघड्या पायावर घालायचे असल्याने सँडल होडीतच ठेवा. पायात काहीही असले, तरी जिवंत प्रवाळावर उभे राहू नये. काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात; एका पावलाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही आठवण म्हणून आणू नका. प्रवाळाने कापल्यास जखम साबण आणि स्वच्छ पाण्याने लगेच नीट धुवावी, कारण आत राहिलेल्या बारीक कणांनी ती चिघळते.

खरेदी संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय फुगतात आणि उष्ण हवेत अधिकच. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. दोन्ही जोड निघण्याआधी किमान दोन आठवडे वापरा आणि सँडल एकदा बादलीत बुडवून, ओला असतानाच अर्धा तास चालून पाहा. कोणता पट्टा कोठे काचतो, हे कोरड्या पायांना कळत नाही. विमानात जड जोड पायात घाला, म्हणजे १५ किलोंचा हिशेब सुटतो. समुद्राच्या पाण्यानंतर दोन्ही जोड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. बुटात वर्तमानपत्र कोंबले की ओल लवकर निघते.

प्रश्न : सासूबाईही सोबत आहेत. त्या ६८ वर्षांच्या आहेत आणि गेली पंधरा वर्षे त्यांना मधुमेह आहे. त्या नेहमी अंगठ्याची चप्पलच वापरतात. त्यांनी वाळूत अनवाणी चालले तर चालेल का?

उत्तर : नाही, आणि हे मी ठामपणे सांगतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना हळूहळू कमी होते आणि ती कमी झाली आहे, हे त्यांना स्वतःला जाणवतेच असे नाही. दुपारच्या वाळूने तळवा भाजला किंवा शंखाचा तुकडा रुतला, तरी त्या चालतच राहतील. अंगठ्याच्या चपलेचा पट्टा दोन बोटांच्या मध्ये काचतो, म्हणून ती प्रवासात नको. पुढून बंद, आतून मऊ, शिवणी न टोचणारा आणि त्यांच्या सवयीचा जोड घ्यावा. नवा घ्यायचाच असेल, तर आजपासून रोज थोडा वेळ घालू द्यावा. पायात घालण्याआधी प्रत्येक वेळी आत हात फिरवून खडा आहे का, ते पाहा, आणि रात्री तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात तपासा. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना एकदा पाय दाखवून घ्या. एलिफंट बीचला होडीनेही जाता येते. त्यांना जंगलवाटेने नेऊ नये.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि क्रॉक्सशिवाय काही घालायला तयार नाही.

उत्तर : होडीत, हॉटेलात आणि सपाट वाळूवर घालू द्या, पाणी त्यातून चटकन निघते आणि वजन नगण्य असते. खडकांवर आणि चिखलात मात्र टाचेचा सैल पट्टा पाय धरत नाही, आणि तो पट्टा पुढे टाकून चालण्याची या वयातली फॅशन तर तेथे पडण्याचीच हमी आहे. त्याच्यासाठी सँडल घेताना दोन मापे मोठा घेऊ नका. पुढच्या वर्षी तो लहान होईल, हे खरे आहे, पण सैल सँडलमध्ये पाय मुरगळणार तो याच वर्षी.