पहिलाच टॅटू, तोही विठोबाचा? मग हे वाच

विठोबा ब्लॅक अँड ग्रेमध्ये करतोयस ते बरं केलंस. मूर्तीच काळ्या पाषाणाची, रंग हवेत कशाला? पण मनगटावर दोन इंचांत अख्खी मूर्ती बसवायचा हट्ट सोड. शाई वर्षागणिक त्वचेत थोडी पसरते. मकरकुंडलं, तुळशीची माळ, पायाखालची वीट, सगळं एकमेकांत मिसळून काळा डाग उरतो. दंडावर किंवा पाठीवर निदान वीतभर जागा दे. लहानच हवा असेल तर फक्त बाह्यरेषा घे. कमरेवरचे हात दिसले की कुणीही ओळखतं.

या कामात उजेड म्हणजे मोकळी सोडलेली कातडी, आणि करडी छटा म्हणजे पातळ केलेली काळी शाई. म्हणून आर्टिस्टकडे ताज्या कामाचे नाही, दोन-तीन वर्षं जुन्या टॅटूंचे फोटो माग. तेही तुझ्यासारख्या वर्णावरचे, हं. सावळ्या अंगावर फिकट छटा हरवतात, तिथे गडद काळा नीट भरावा लागतो.

कमरेखाली देव नको. घरात आजी असेल तर कारण विचारूच नकोस. आणि आषाढीच्या तोंडावर काढू नकोस. वरची त्वचा भरायला दोन-तीन आठवडे जातात, तेवढ्यात वारीतलं ऊन, घाम, चंद्रभागेतली बुडी काहीच चालत नाही.