‘बाच मंझा’ म्हणजे जेवलो : कातालान परीक्षेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बार्सिलोनात चार वर्षं झाली. ऑफिसात इंग्रजी, बाजारात स्पॅनिश असं चाललं आहे. आता इथल्या कातालान भाषेचं प्रमाणपत्र घ्यायचं आहे. कुठली पातळी निवडू? हेच प्रमाणपत्र स्पॅनिश नागरिकत्वाला चालेल का?

उत्तर : आधी नागरिकत्वाचं सांगतो, कारण इथे गल्लत झाली तर पैसे आणि महिने दोन्ही जातात. चालत नाही. भारतीय अर्जदाराला सेर्वांतेस संस्थेच्या, म्हणजे स्पॅनिशचा प्रसार करणाऱ्या स्पेनच्या सरकारी संस्थेच्या, दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक, स्पॅनिशची देले, किमान ए-२ (भाषेच्या ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांतली खालून दुसरी). दुसरी, देशाच्या राज्यघटनेची व समाजजीवनाची सीसीएसई. तिच्यात २५ प्रश्न असतात आणि १५ बरोबर यावे लागतात. कातालानचं प्रमाणपत्र उपयोगी पडतं ते कातालुन्यातल्या, म्हणजे बार्सिलोना ज्यात येतं त्या स्पेनच्या स्वायत्त प्रदेशातल्या, सरकारी व पालिकेच्या नोकऱ्यांना. कुठली पातळी लागेल ते जाहिरातीतच दिलेलं असतं; बऱ्याच पदांना सी-१ मागतात.

कातालुन्या सरकारच्या, म्हणजे जनरालितातच्या परीक्षा ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२ अशा पाच. ए-१ची नाही. खालची पातळी आधी पास केलेली असायलाच हवी असं नाही, थेट बी-२लाही बसता येतं. तुम्हाला स्पॅनिश येतं, त्यामुळे वाचन झपाट्याने जमेल, पण त्या जोरावर एकदम सी-१चा अर्ज भरू नका. परीक्षा वर्षभर कधीही देता येत नाही, तेव्हा नोंदणीच्या तारखांवर लक्ष ठेवा. कातालान बोलल्या जाणाऱ्या प्रदेशाबाहेर राहणाऱ्यांसाठी रामोन युल संस्था, म्हणजे कातालान भाषेचा बाहेर प्रसार करणारी संस्था, परीक्षा घेते.

प्रश्न : परीक्षेत नेमकं काय विचारतात? व्याकरण तोंडपाठ आहे, तरी सराव परीक्षेत मी मागे पडते.

उत्तर : ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं ही चार कौशल्यं तपासतात. वरच्या पातळ्यांना भाषेच्या रचनेवर वेगळे प्रश्न असतात. एका भागातले भरपूर गुण दुसऱ्या भागाची तूट नेहमीच भरून काढत नाहीत. म्हणून आपल्या पातळीचे गुणांचे निकष आधी वाचा आणि मग अभ्यासाचे तास वाटा. जनरालितातच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. त्या घड्याळ लावून सोडवा.

मागे पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच : डोक्यातलं स्पॅनिश नकळत कातालानमध्ये उतरतं. ‘बाच मंझा’ हे पाहा. ‘बाच’ म्हणजे ‘मी जातो’, त्यामुळे स्पॅनिशच्या सवयीने हे ‘मी जेवणार’ असं वाटतं. अर्थ मात्र ‘मी जेवलो’. ऐकण्याच्या भागात एवढ्यावरून अख्खा प्रसंग उलटा समजतो. ‘मला करावं लागतं’ याला शिकणारे ‘तिंग के’ म्हणतात. परीक्षेत ती चूक धरतात, तिथे ‘ए द’ हवं. आणि ‘तुला भाऊ किती?’ याचं उत्तर ‘तिंग दोस’ नव्हे, ‘अन तिंग दोस’. तो छोटा ‘अन’ भावांच्या जागी आलेला आहे. स्पॅनिशमध्ये तो नाही, म्हणून सर्रास गळतो. अशा छोट्या सर्वनामांसाठी रोज दहा प्रश्नोत्तरं मोठ्याने म्हणा. नुसते तक्ते पाठ करून ती बोलताना सुचत नाहीत.

उच्चारात मराठी माणसाला खरा फायदा आहे. बार्सिलोनाकडच्या बोलीत आघात नसलेले ‘ए’ आणि ‘आ’ आपल्या ‘अ’सारखे होतात. शहराचं नावच तिथे ‘बर्सलोन’सारखं ऐकू येतं, शेवटचा ‘अ’ किंचित उच्चारून. घराला स्पॅनिश माणूस ‘कासा’ म्हणतो. कातालानमध्ये ‘काझ’, त्यातला ‘झ’ आपल्या ‘झाड’मधल्या ‘झ’च्या जवळचा. स्पॅनिशभाषकांना हा आवाज घोटावा लागतो, आपल्या जिभेवर तो आधीच आहे.

बोलायचा सराव हवा असेल तर ‘वुलुंतारिआत पर ला येंगुआ’ या उपक्रमात नाव द्या. कातालान नीट बोलणारी एक व्यक्ती तुमच्याबरोबर किमान १० तास गप्पा मारते. घरी बसून अभ्यासाला पार्ला डॉट कॅट हे संकेतस्थळ आहे. स्वतः शिकायचं असेल तर मोफत, मार्गदर्शक हवा असेल तर शुल्क.

प्रश्न : जुन्या पुस्तकात ‘देतो’ या अर्थाच्या कातालान शब्दातल्या अक्षरावर आघातचिन्ह आहे, नव्यात नाही. बरोबर कुठलं?

उत्तर : नवं. कातालानचे नियम ठरवणाऱ्या कातालान अभ्यास संस्थेच्या २०१७च्या शुद्धलेखनात सारख्या दिसणाऱ्या शब्दांत फरक करायला वापरलेली चिन्हं दीडशेच्या आसपास होती, ती १५वर आणली. ‘देतो’ आणि ‘बाई’ हे दोन्ही शब्द आता ‘दोना’ असे एकसारखेच लिहितात. ‘आहे’, ‘अधिक’, ‘जग’, ‘हात’ यांसारख्या १५ शब्दांवरची चिन्हं कायम आहेत. तेवढी यादी पाठ करा. आणि जोड-एलच्या मधलं उंचावरचं टिंब विसरू नका; ते साध्या पूर्णविरामासारखं खाली लिहिलं तर चूक धरतात.