टेक्स्चर वरून चिकटवू नका, हत्याराला उमटू द्या

तुम्ही लिहिलंय की एकांकिकेच्या पोस्टरसाठी ब्रशचा फॉन्ट घेतला, त्यावर खरखरीत टेक्स्चरही टाकलं, तरी अक्षर हाताचं वाटत नाही. कारण पोस्टरवरच दिसतंय. शीर्षकात 'र' तीनदा आलाय आणि तिन्ही 'र' एकाच जागी फाटलेत. हाताने लिहिलेलं असं कधी होत नाही.

संगणक दोन दिवस बंद ठेवा आणि बोरू, म्हणजे टोक छाटलेली वेताची लेखणी, घ्या. रोमन लिपीत चपट्या निबने डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते. देवनागरीत उलट, उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड. त्यामुळे रोमनच्या सवयीने निब धरली की आपलं अक्षर परकं दिसतं. बोरूचं टोक विरुद्ध बाजूने तिरकं छाटलेलं हवं. बोरू नसेल तर आइस्क्रीमची काडी ब्लेडने तशीच छाटा, फार सुंदर चालते. कागद मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर मिळेल. गुळगुळीत आणि खरबरीत दोन्ही आणा, कारण शाई कुठे अडते ते कागद ठरवतो.

आधी अख्ख्या शब्दाची अक्षरं लिहा, शिरोरेषा सगळ्यात शेवटी आणि एका दमात. शाई संपत आली की ती शेवटाकडे विरते. ते विरणं पुसू नका, तुम्ही शोधताय ते हेच.

छापाचा ठसा हवा असेल तर लिनो, म्हणजे लिनोलियमचा मऊ तुकडा, कोरा. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने शब्द लिहायचा, कागद पालथा घालून लिनोवर घासायचा, म्हणजे अक्षरं आपोआप उलटी उमटतात. छापताना चमच्याच्या पाठीने दाब द्या.

स्कॅन ६०० डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये. ऑटो ट्रेस, म्हणजे चित्राच्या कडा संगणकाने आपोआप रेषांत बदलणं, मात्र टाळा, तो कडांचे बारीक दात खाऊन टाकतो.

आणखी एक, मला फार महत्त्वाचं वाटणारं: कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षकं जमतील तेवढी बघा. खरखर नसतानाही नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातून कसा कळतो, ते तिथे शिकता येतं. तुमची एकांकिका कशाबद्दल आहे हे तुम्ही लिहिलेलंच नाही. आधी ते कळवा, मग काडी की लिनो ते ठरवू. तोवर शीर्षक वीसेक वेळा लिहून काढा, आणि पोस्टरसाठी अख्खा शब्द एकाच कागदावरचा उचला. वेगवेगळ्या कागदांवरची चांगली अक्षरं जोडू नका.