जावयांचा किल्ट आणि नातवाचा प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांपासून अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहते. जावई अमेरिकन असून त्यांच्या वडिलांकडचे घराणे स्कॉटलंडहून आले, असे त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. येत्या उन्हाळ्यात आम्ही सगळे मिळून फेएटव्हिल, मूर्स क्रीक, विल्यम्सबर्ग आणि फिलाडेल्फिया अशी वसाहतकाळातली ठिकाणे पाहणार आहोत. जावयांनी त्यासाठी नवा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, शिवून घेतला आहे आणि सगळीकडे तोच घालण्याचा त्यांचा विचार आहे. अकरा वर्षांच्या नातवाने मला फोनवर विचारले, "आजोबा, बाबांचे पूर्वज अमेरिकेत आले तेव्हा हेच घालून आले होते का?" मला उत्तर देता आले नाही. मीही एक किल्ट घालावा असा त्या सर्वांचा आग्रह आहे. ते योग्य दिसेल का?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : आपल्या नातवाने अगदी मुळाशी जाणारा प्रश्न विचारला आहे. पूर्वज स्कॉटलंडच्या कोणत्या भागातले होते हे कळल्याशिवाय त्याला 'हो' म्हणता येत नाही आणि 'नाही'ही म्हणता येत नाही. किल्ट आज साऱ्या स्कॉटलंडचा पोशाख मानला जात असला, तरी अठराव्या शतकात तो उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ मुलखातल्या, म्हणजे हायलँड्समधल्या, गेलिक बोलणाऱ्या लोकांचा होता. दक्षिणेच्या सखल लोलँड्समधला शेतकरी, व्यापारी किंवा धर्मोपदेशक गुडघ्यापर्यंतची तुमान, लांब मोजे आणि कोट घालत असे. शिवाय आज स्वतःला स्कॉटिश वंशाची म्हणवणारी पुष्कळ अमेरिकन घराणी थेट स्कॉटलंडहून गेलेली नाहीत. त्यांचे लोलँडमधले पूर्वज आधी उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात वसले आणि त्यांचे वंशज १७१८ नंतरच्या सुमारे साठ वर्षांत पेनसिल्व्हेनिया, शेनान्डोआचे खोरे आणि कॅरोलायनाचा आतला भाग इथे पसरले. जावयांचे घराणे यांतले निघाले, तर त्यांच्या त्या काळच्या पूर्वजांनी किल्ट कधी अंगाला लावलाही नसेल.

पूर्वज हायलँडमधले होते असे धरले, तरी त्यांचे वस्त्र आजच्या किल्टसारखे नव्हते. हातमागावर साधारण पाऊण वार पन्ह्याचे लोकरी कापड निघत असे. त्याचे आठ-नऊ वार घेऊन मधोमध कापायचे आणि दोन तुकडे काठाला काठ लावून शिवायचे, म्हणजे दुप्पट पन्ह्याचा, चार-साडेचार वारांचा प्लेड तयार होई. त्याच्या निऱ्या घालून कमरेला पट्टा आवळला की खालचा भाग गुडघ्यापर्यंत येई, वरचा खांद्यावर अडकवता येई, पाऊस आला तर डोक्यावरून ओढता येई आणि रात्री त्याचेच पांघरूण होई. हे सांगायला आपली भाषा किती सोयीची आहे पाहा: जुना प्लेड नेसायचा असे आणि आजचा किल्ट घालायचा असतो. खालचाच भाग वेगळा ठेवून केलेला लहान किल्ट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाला, आणि मागच्या निऱ्या कायमच्या शिवून टाकण्याची रीत त्या शतकाच्या अखेरीस आली. तेव्हा जावयांचा किल्ट ज्या घडणीचा आहे, ती घडण अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतरची आहे. एखादे जुने धोतर आणि कमरेचा पट्टा घेऊन हा फरक आपण नातवाला घरातच करून दाखवू शकाल. शिक्षकाला याहून अधिक साहित्य लागत नाही.

यात कायद्याचाही मोठा भाग आहे. पदच्युत स्ट्युअर्ट घराण्याला गादीवर आणू पाहणाऱ्या जॅकोबाइट बंडखोरांचा १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडन येथे पराभव झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने हायलँड पोशाखावर बंदी घालणारा कायदा केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांची कैद आणि दुसऱ्याला सात वर्षांसाठी समुद्रापलीकडच्या वसाहतींत हद्दपारी, अशी शिक्षा त्यात होती. ही बंदी १७८२ साली उठली. मात्र ती स्कॉटलंडपुरती होती आणि राजाच्या हायलँड रेजिमेंटांना तीतून वगळले होते; त्यामुळे मायदेशी ज्या वस्त्रासाठी तुरुंग होता, तेच वस्त्र अमेरिकेच्या जंगलांत सरकारी गणवेश म्हणून वावरत होते. ८ जुलै १७५८ रोजी टिकॉन्डेरोगाच्या फ्रेंच किल्ल्यावरील हल्ल्यात ४२ व्या हायलँड रेजिमेंटचे, म्हणजे ब्लॅक वॉचचे, निम्म्याहून अधिक सैनिक एका दिवसात ठार किंवा जखमी झाले. आपल्या बापजाद्यांचा पोशाख अंगावर ठेवायचा तर राजाची नोकरी धरायची, हा ज्या तरुणांपुढचा राजरोस मार्ग होता, त्यांच्याविषयी वाचताना मला दर वेळी वाईट वाटते.

आता आपल्या प्रवासाकडे वळू. फेएटव्हिल हे किल्ट घालण्यासाठी अगदी योग्य ठिकाण आहे. १७३९ साली आर्गाइल भागातून सुमारे साडेतीनशे हायलँडवासी केप फिअर नदीच्या खोऱ्यात आले आणि पुढे त्यांच्यामागून हजारो आले. तिथल्या क्रॉस क्रीक आणि कॅम्बेलटन या वस्त्या १७७८ साली एक झाल्या आणि १७८३ साली त्या गावाचे नाव फेएटव्हिल पडले. कलोडननंतर जॅकोबाइटांचा नेता, स्ट्युअर्ट राजपुत्र चार्ल्स, याला दासीच्या वेषात स्काय बेटावर सुखरूप पोहोचवणारी फ्लोरा मॅकडोनाल्ड १७७४ साली याच मुलखात पतीसह राहायला आली होती.

मूर्स क्रीकला मात्र नातवाला हाताशी धरून सावकाश हिंडा. २७ फेब्रुवारी १७७६ रोजी पहाटे राजनिष्ठ हायलँडवासी तिथला लहानसा पूल ओलांडून पलीकडच्या बंडखोर सैन्यावर चालून गेले. त्या सैन्याने पुलाच्या फळ्या आधीच काढून टाकल्या होत्या आणि उरलेल्या तुळयांना चरबी फासली होती. हातात रुंद पात्याच्या तलवारी घेतलेली माणसे त्या निसरड्या तुळयांवरून जाताना समोरून बंदुका आणि तोफा सुटल्या आणि काही मिनिटांत सारे संपले. फ्लोराचे पती कैद झाले. ही माणसे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने नव्हती. ज्या राजघराण्याविरुद्ध तीस वर्षांपूर्वी त्यांच्यातल्या काहींचे नातलग लढले होते, त्याच्याच बाजूने ती उभी राहिली. जावयांचे पूर्वज त्या दिवशी पुलाच्या या बाजूला होते की त्या बाजूला, हा शोध घेण्याजोगा प्रश्न आहे आणि उत्तर कोणतेही आले तरी ते मुलाला सांगावे.

विल्यम्सबर्ग आणि फिलाडेल्फियाची गोष्ट वेगळी आहे. व्हर्जिनियाच्या त्या जुन्या राजधानीत स्कॉटिश माणसे पुष्कळ होती, पण विल्यम अँड मेरी कॉलेजचे संस्थापक जेम्स ब्लेअर किंवा ग्लासगोचे गव्हर्नर डिनविडी यांना किल्टमध्ये कल्पिणे चूक ठरेल. राजाने नेमलेले शेवटचे गव्हर्नर लॉर्ड डन्मोर यांचे हायलँड पोशाखातले भव्य चित्र जोशुआ रेनल्ड्स यांनी १७६५ साली काढले आहे. ते चित्रासाठी केलेले उमरावी सोंग आहे असे माझे मत आहे, तिथल्या रस्त्यांवरचा रोजचा वेष नव्हे. फिलाडेल्फियात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांपैकी जेम्स विल्सन आणि जॉन विदरस्पून हे दोघे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते, आणि दोघेही लोलँडचे. विदरस्पून तर जॅकोबाइटांचे विरोधक होते व १७४६ साली फॉलकर्कच्या लढाईनंतर डून किल्ल्यात त्यांचे कैदी होते. जाहीरनाम्याच्या जेफरसन यांनी लिहिलेल्या मसुद्यात 'स्कॉच आणि परदेशी भाडोत्री सैनिक' पाठवल्याचा ठपका राजावर होता. तो उल्लेख पुढे गाळला गेला. त्या सभागृहातल्या अनेकांच्या मनात किल्ट म्हणजे राजाचा शिपाई असाच अर्थ असणार. जावयांनी तिथे किल्ट घालू नये असे मी म्हणणार नाही. वंशजाने अभिमानाने घातलेले वस्त्र म्हणून तो शोभेल. पण 'पूर्वज इथे हे घालून हिंडले' असे मुलाला सांगितले जाऊ नये.

टार्टनविषयी, म्हणजे किल्टच्या कापडावरच्या रंगीत चौकटींविषयीही, थोडी सावधगिरी हवी. अमुक आडनावाच्या कुळाची अमुक चौकट, ही पक्की वाटणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहे आणि १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हापासून तिला बहर आला. त्यामुळे दुकानदाराने आडनाव पाहून काढून दिलेले कापड हा वंशाचा पुरावा होत नाही.

पुरावा कागदांत असतो. ज्या पिढीची खात्री आहे तिथून एकेक पायरी मागे जावे. १७९० सालच्या पहिल्या अमेरिकन जनगणनेपर्यंत पोहोचले की पुढे जमिनीच्या सनदा, मृत्युपत्रे आणि चर्चच्या वह्या पाहाव्यात. नॉर्थ कॅरोलायनाचे राज्य अभिलेखागार रॅली शहरात आहे, म्हणजे मुलीच्या राज्यातच. स्कॉटलंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८५५ पासूनची. त्याआधी चर्चच्या नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. १७७३ ते १७७६ या काळात घराणे निघाले असेल, तर ब्रिटिश कस्टम अधिकाऱ्यांनी केलेली स्थलांतरितांची नोंद जरूर शोधा, कारण तिच्यात वय आणि धंद्यासोबत पुष्कळ ठिकाणी देश सोडण्याचे कारणही लिहिले आहे, आणि 'खंड फार वाढला' हे कारण तिथे वारंवार भेटते.

मृत्युपत्रे उघडताना मनाची तयारी मात्र ठेवा. केप फिअरच्या अनेक हायलँड घरांत गुलाम होते आणि गाईगुरांच्या ओळीखाली माणसांची नावे लिहिलेली आढळू शकतात. ती पाने उलटून पुढे जाऊ नका. याच समाजातल्या जॉर्जियामधील डॅरिएनच्या अठरा हायलँडवासीयांनी जानेवारी १७३९ मध्ये गुलामगिरी आपल्या वसाहतीत येऊ देऊ नका असा अर्ज केला होता, हेही नातवाला कळावे. वारशात दोन्ही आहे.

राहिला आपला प्रश्न. घरच्यांनी प्रेमाने बोलावले असताना आपण किल्ट घालण्यात काहीच गैर नाही. पाहुण्यांनी तो घालण्याची रीत स्कॉटलंडमध्येही आहे. कोणत्याही कुळावर हक्क सांगायचा नसेल तर ब्लॅक वॉचचा गडद हिरवा-निळा टार्टन घ्यावा, तो सर्वांना चालतो. माझे मत विचाराल तर फेएटव्हिलच्या दिवशी घाला आणि एरवी आपले नेहमीचे कपडे वापरा. कॅरोलायनाचा उन्हाळा दमट असतो. वाराला सोळा औंस वजनाच्या जाड लोकरीऐवजी अकरा ते तेरा औंसांचे कापड मागा.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत १८०३ साली किल्ट घातलेले गोरे सैनिक होते असे जुनी माणसे सांगतात. अमेरिकेत लढलेल्या ७८ व्या हायलँड रेजिमेंटचे नाव वाचले, आणि असईलाही ७८ वीच होती. ती हीच का?
— एक वाचक, जालना

उत्तर : क्रमांक तोच, रेजिमेंट वेगळी. १७५९ साली क्वेबेकच्या लढाईत असलेली ७८ वी म्हणजे फ्रेझरची हायलँड रेजिमेंट. ती १७५७ साली उभी राहिली आणि १७६३ साली विसर्जित झाली. असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांपुढे उभी राहिलेली ७८ वी १७९३ साली नव्याने उभारलेली होती. तिच्याबरोबरची ७४ वी हायलँड रेजिमेंट १७८७ साली हिंदुस्थानातल्या चाकरीसाठीच उभारली गेली, आणि मराठ्यांच्या तोफांनी त्या दिवशी तिची अक्षरशः चाळण केली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या ७४ व्या रेजिमेंटशी तिचाही संबंध नाही. खरा धागा दुसरीकडे आहे. टिकॉन्डेरोगाला लढलेल्या ४२ व्या रेजिमेंटची दुसरी बटालियन अमेरिकन युद्ध चालू असतानाच उभी राहिली, हिंदुस्थानात आली आणि १७८६ साली ७३ वी म्हणून स्वतंत्र झाली. आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणी मात्र लिहून ठेवा, कारण तिकडच्या दप्तरांत आपल्या बाजूचे बोलणे सापडणार नाही.

प्रश्न : किल्टसोबत मोज्यात सुरी खोचतात. ती प्रवासात चालते का? आणि बॅगेत निऱ्या मोडू नयेत म्हणून काय करावे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : विमानात सुरी हातातल्या सामानात नेता येत नाही, ती मोठ्या बॅगेत ठेवून चेक-इन करावी लागते. फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये शिरण्यापूर्वी तपासणी होते, त्या दिवशी ती मुक्कामीच ठेवा. निऱ्यांसाठी खालच्या काठाजवळ लांब धावदोरा घाला, किल्ट उभा गुंडाळा आणि जुन्या लांब मोज्यासारख्या कापडी नळीत सरकवा. पोहोचल्यावर दोरा ओढून काढला की इस्त्रीचे काम फारसे उरत नाही. बसताना मागच्या निऱ्या दोन्ही हातांनी खाली सारून मगच बसावे. आणि उजव्या बाजूची मोठी पिन फक्त वरच्या पदरातच लावावी. दोन्ही पदरांत टोचली तर चालताना ताण बसून कापड फाटते.