लॅपटॉप आधी कपाटातून काढा

सप्रेम नमस्कार.

मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, गणिताचा एक विषय राहिलेला. जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून तो रात्र-रात्र 'फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं' सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधत बसतो आणि त्यातलं एकही धड चालत नाही, म्हणून तुम्ही लॅपटॉप कपाटात बंद केलात आणि त्याला जावाच्या क्लासला घातलंत. राहिलेला विषय निघेल. मला काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या वाक्याची: 'हल्ली घरात कुणाशी बोलत नाही.' तो नेमकं काय करतोय, हे लॅपटॉप काढून घेण्याआधी तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत का? पत्रावरून तसं दिसत नाही.

पुरावा म्हणून तुम्ही स्क्रीनचे दोन फोटो जोडलेत. पहिल्यात 'मिसिंग डिपेंडन्सी ऑपरेटर' ही एरर आहे. 'मेक' म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर बांधून देणारा प्रोग्राम. लिनक्सवर 'मेक' म्हटलं की जीएनयू प्रकल्पाचा मेक चालतो. फ्रीबीएसडीवर त्याच नावाचा मेक वेगळा आहे आणि जीएनयूच्या मेकमधली 'इफईक्यू' ही अट त्याला कळत नाही. दुसऱ्या फोटोत 'पीएनजी डॉट एच' ही एका लायब्ररीची फाइल सापडत नाही. तुम्ही विचारता, 'लायब्ररी टाकली असं हा म्हणतो, कॉम्प्युटर नाही म्हणतो, मग खोटं कोण बोलतंय?' कुणीच नाही. बाहेरून टाकलेलं सगळं फ्रीबीएसडी 'यूएसआर-लोकल' या डिरेक्टरीखाली ठेवते आणि तिथला क्लँग हा कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारा) आपण होऊन तिकडे शोधत नाही. वाट त्याला सांगावी लागते.

आता दुसऱ्या फोटोची वरची ओळ बघा. तिथे 'जीमेक' टाइप केलंय; फ्रीबीएसडीवर जीएनयूच्या मेकचं हे नाव. म्हणजे पहिली अडचण त्याने शोधली, सोडवली आणि तो पुढच्या अडचणीपर्यंत पोचला. एरर दिसली म्हणजे मुलाला येत नाही, हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. फ्रीबीएसडीसाठी जुळवून घेतलेल्या सॉफ्टवेअरांच्या 'पोर्ट्स' संग्रहात 30,000 च्या वर सॉफ्टवेअरं आहेत आणि त्यातल्या कितीतरींसोबत छोटे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, जोडलेले असतात. कुठे स्क्रिप्टमधला बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचा पत्ता बदललेला, कुठे मजकूर बदलणाऱ्या 'सेड' कमांडचा पर्याय, कुठे लिनक्सच्या ईपोल या यंत्रणेच्या जागी फ्रीबीएसडीची केक्यू. हे पॅच लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी तुमच्या मुलासारखीच एरर वाचलेली असते.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात, पण आपल्याकडे तिचं नाव घातलेल्या जाहिराती मोजक्याच. तरीही दुसऱ्याने लिहिलेली मेकफाइल (मेकसाठीच्या सूचनांची फाइल) उघडून बिल्ड कुठे आणि का अडला हे सांगणारा माणूस एम्बेडेड, कंपायलर आणि रिलीजच्या कामात लागतोच, आणि असा माणूस सहज मिळत नाही. जावाचा क्लास बंद करा. कॅम्पसची अॅप्टिट्यूड आणि गेट यांचं शेवटच्या वर्षाच्या तोंडावर बघू. लॅपटॉप आजच द्या, कसलीही अट न घालता.

पुढचं मुलाला वाचायला द्या.

गणिताचा विषय याच सत्रात काढ. बॅकलॉग असला की बऱ्याच कंपन्या मुलाखतीलाही बसू देत नाहीत, तिथे तुझे पॅच कुणी बघणार नाही. रात्रीची जागरणंही थांबव. पेंगत वाचलेली एरर कळत नाही. शंभर ओळींची एरर आली तर शेवटची नको, पहिली वाच; खालच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात. कॉन्फिगर अडलं तर 'कॉन्फिग डॉट लॉग' उघड. हेडरचा मार्ग 'सीपीपीफ्लॅग्ज'मध्ये आणि लायब्ररीचा 'एलडीफ्लॅग्ज'मध्ये दे. हातात घेतलेलं सॉफ्टवेअर पोर्ट्समध्ये असेल तर तिथली 'फाइल्स' डिरेक्टरी आधी बघ, कारण तुझी अडचण कुणीतरी सोडवलेली असू शकते. नसेल, तर तू सोडव आणि पॅच मूळ लेखकांना पाठव. सोबत सिस्टिमची आवृत्ती, पूर्ण एरर आणि काय बदललं ते लिही. गूगल समर ऑफ कोड हा मुक्त सॉफ्टवेअरच्या कामाचा उपक्रम 2005 पासून चालू आहे, त्यात मानधन मिळतं आणि फ्रीबीएसडीनेही भाग घेतलेला आहे. अर्ज करताना स्वीकारलेले दोन-तीन पॅच दाखवता आले तर तुझं म्हणणं लक्ष देऊन वाचलं जाईल. पहिला पॅच नाकारला गेला तर दिलेलं कारण वाच, दुरुस्ती कर आणि पुन्हा पाठव.